परदेशात शिकवायला जाताय? मग पोलिसांच्या दाखल्यावर कुणाकुणाचा शिक्का लागतो ते आधी समजून घ्या

मागच्या उन्हाळ्यात रात्री साडेदहाला माझ्या मावसबहिणीचा कोल्हापूरहून फोन आला. "ताई, पोलिसांचा दाखला माझ्या हातात आहे, त्यावर सरळ लिहिलंय की माझ्यावर कुठलाही गुन्हा नाही, गोल शिक्का आहे, सही आहे, आणि दुबईची शाळा म्हणते हा चालणार नाही. आता अजून काय आणू मी?" ती गणित शिकवते, बी.एड. आहे, बारा वर्षं वर्गात उभी राहिलीये. ऑफर लेटर आलं होतं, ऑगस्टच्या शेवटी हजर व्हायचं होतं, आणि सगळं एका कागदावर अडलेलं.

त्याच महिन्यात माझ्या भाचीचं पण तेच झालं. ती न्यू जर्सीत वाढलेली, अमेरिकन पासपोर्ट, तिला कोरियात जाऊन शाळेत इंग्रजी शिकवायचं होतं. तिचा पण गुन्हे नोंदीचा कागद परत आला. एक कोल्हापुरात, एक न्यू जर्सीत, देश वेगळे, कागद वेगळे, पण चूक मुळात एकच होती, आणि ती समजली की हा सगळा किचकट प्रकार बऱ्यापैकी सरळ होतो, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

तर बघा, अशा दाखल्याची दोन कामं असतात आणि आपण फक्त पहिलंच धरून बसतो. पहिलं काम म्हणजे त्यात काय लिहिलंय, की या बाईवर किंवा या माणसावर गुन्ह्याची नोंद नाही. दुसरं काम म्हणजे हा कागद खरा आहे हे परक्या देशातल्या अधिकाऱ्याला पटवणं. त्या बिचाऱ्याला कोल्हापूरचे पोलीस अधीक्षक कोण हे माहीत असायचं काही कारणच नाही, त्यांची सही कशी दिसते ते माहीत नाही, शिक्का खरा की कुणी चौकातल्या दुकानात बनवून घेतला ते कळायला मार्ग नाही. आपल्याकडे लग्नाचं स्थळ आलं की आपण काय करतो? मुलाच्या गावात आपल्या ओळखीचं कुणी नसतं, मग आपल्या ओळखीतला कुणीतरी निघतो ज्याची त्या गावात ओळख आहे, तो सांगतो की अमुक गुरुजी भरवशाचे आहेत, आणि गुरुजी सांगतात घर कसं आहे. आपला माणूस मुलाबद्दल काही बोलतच नाही, तो फक्त गुरुजींची खात्री देतो. कागद सर्टिफाय करणं म्हणजे शब्दशः हेच आहे. साखळीतला प्रत्येक शिक्का फक्त आधीच्या सहीची ओळख देतो, तुमच्या चारित्र्याबद्दल तो काहीच म्हणत नाही. एक कडी गाळली की पुढचा माणूस म्हणतो मी या सहीला ओळखत नाही, आणि कागद परत.

एवढा कडकपणा कशाला असं वाटतं ना? मलाही वाटायचं. पण कोरियाचंच उदाहरण घ्या. ऑक्टोबर २००७ मध्ये थायलंडमध्ये एक कॅनेडियन शिक्षक पकडला गेला, लहान मुलांवरच्या अत्याचारांसाठी. त्याने स्वतःचा चेहरा फोटोत भोवऱ्यासारखा फिरवून लपवला होता, जर्मन पोलिसांच्या तज्ज्ञांनी तो उलटा फिरवून सरळ केला आणि इंटरपोलने जगभर फोटो प्रसिद्ध केला. पकडला जाण्याच्या काही दिवस आधीपर्यंत तो दक्षिण कोरियात शिकवत होता. त्याच वर्षी डिसेंबरात कोरियाने परदेशी इंग्रजी शिक्षकांच्या व्हिसासाठी गुन्हे नोंदीचा दाखला सक्तीचा केला. मी स्वतः शाळेत आहे, आई-बाप किती विश्वासाने मूल आपल्या ताब्यात देऊन जातात ते रोज बघते. त्यामुळे या कागदासाठी चार खेटे जास्त पडले तरी माझी तक्रार नाही, फक्त ते खेटे योग्य दारात पडावेत.

आता मावसबहिणीचं काय चुकलं ते सांगते. तिच्याकडे होता तो जिल्हा पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला. हा आपल्याकडे नोकरीला लागताना, सोसायटीत, कंपनीत मागतात, त्यासाठी तो ठीक आहे. परदेशी व्हिसासाठी मात्र जो मागतात तो पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, ज्याला सगळे पीसीसी म्हणतात, आणि तो पोलीस स्टेशन देतच नाही, तो पासपोर्ट ऑफिस देतं. नावात पोलीस आहे म्हणून लोक पोलीस स्टेशनला जातात, इथेच निम्म्यांचा पंधरवडा जातो. फरक साखळीचा आहे. पासपोर्ट ऑफिस हे परराष्ट्र मंत्रालयाच्याच हाताखाली येतं, त्यामुळे तिथल्या अधिकाऱ्याची सही दिल्लीला आधीच ओळखीची असते आणि मध्ये राज्य सरकारची कडी लागत नाही. जिल्हा पोलिसांचा दाखला पुढे न्यायचा म्हटलं तर आधी मंत्रालयात, म्हणजे मुंबईच्या मंत्रालयात, त्यावर राज्याचा शिक्का घ्यावा लागेल, आणि एवढं करूनही समोरचा देश म्हणू शकतो की आम्हाला पासपोर्ट ऑफिसचाच पाहिजे.

पीसीसीचा अर्ज पासपोर्ट सेवा पोर्टलवर भरायचा, फी पाचशे रुपये, मग अपॉइंटमेंट. पूर्वी कोल्हापूरकडच्या माणसाला यासाठी पुण्याला जावं लागायचं, २८ सप्टेंबर २०२२ पासून पोस्ट ऑफिसातल्या पासपोर्ट सेवा केंद्रातही पीसीसीचा अर्ज घेतात, त्यामुळे आता बऱ्याच जणांचं गावाजवळ काम होतं. सोबत मूळ पासपोर्ट, त्याच्या पहिल्या आणि शेवटच्या पानांच्या झेरॉक्स, आणि सध्या जिथे राहता तिथला पत्त्याचा पुरावा. ऑफर लेटर मागतीलच असं नाही पण जवळ ठेवा.

अर्जात एक रकाना असतो, कुठल्या देशासाठी दाखला पाहिजे. हा रकाना लोक घाईत भरतात आणि नंतर पस्तावतात. पीसीसी हा सर्वसाधारण चांगल्या वागणुकीचा दाखला नसतो. त्यात साधारण असा मजकूर असतो की अमुक पासपोर्टधारकाविरुद्ध अशी कुठलीही प्रतिकूल माहिती नाही की ज्यामुळे त्याला अमुक देशाच्या व्हिसासाठी अपात्र ठरवावं, आणि त्या अमुकच्या जागी देशाचं नाव छापून येतं. माझ्या बहिणीच्या शाळेतल्या एका सरांना आधी मस्कतची ऑफर होती म्हणून त्यांनी ओमान टाकलं, पीसीसी आला, आणि मग दुबईची ऑफर जास्त चांगली आली. ओमानचा कागद दुबईला काय कामाचा, परत अर्ज, परत पाचशे, परत तारीख. ऑफर पक्की झाल्याशिवाय अर्ज करू नका एवढंच मी सांगेन.

अर्ज केल्यावर पुढे काय होतं ते तुमच्या पत्त्यावर अवलंबून आहे. पासपोर्टवरचा पत्ता आणि सध्याचा पत्ता एकच असेल आणि पासपोर्टच्या वेळची पोलीस पडताळणी सिस्टीममध्ये स्वच्छ दिसत असेल तर कधीकधी त्याच दिवशी दाखला हातात मिळतो. पत्ता बदललेला असेल तर नवीन पत्त्याच्या पोलीस स्टेशनला पडताळणी जाते. बहिणीचा पासपोर्ट माहेरच्या पत्त्यावर होता, राहायला ती सासरी राजारामपुरीत, त्यामुळे तिची पडताळणी झाली. मी तेव्हा तिच्याकडेच होते. हवालदार सकाळी आले, चप्पल दाराबाहेर काढली, हातात टॅब. तिचा पासपोर्ट उजेडात धरून नंबर दोनदा वाचला, लाईट बिल बघितलं, दारात तिचा फोटो काढला, मग समोरच्या काकूंना विचारलं की या किती वर्षं इथे राहतात. काकू म्हणाल्या, "अहो, लग्न होऊन आली तेव्हापासून बघतेय, माझ्या नातवाला हिनेच शिकवलंय." त्यांनी ते लिहून घेतलं, काकूंची सही घेतली. आठ-दहा मिनिटांत झालं. सगळीकडे घरी येतीलच असं नाही, काही ठिकाणी स्टेशनला बोलावतात, साक्षीदार म्हणून दोन शेजाऱ्यांची नावं आणि कागद मागतात. फोन उचला, घरी थांबा, नसाल तर कधी याल ते विचारून घ्या, कारण पडताळणीचा अहवाल लांबला तर बहुतेक वेळा कारण एवढंच असतं की माणूस घरी सापडला नाही. आणि या पडताळणीला वेगळी फी नाही, पाचशेमध्ये सगळं आलं. कुणी काही मागितलं तर पावती मागा.

ज्यांच्यावर कधीकाळी एखादी केस होती त्यांच्यासाठी थोडं वेगळं. आंदोलनात पकडलं होतं, भावकीच्या भांडणात सगळ्या घराची नावं घातली होती, असं आपल्याकडे कितीतरी जणांचं असतं. केस चालू असेल तर अहवाल प्रतिकूल जाणार, तिथे वकिलाशिवाय पाऊल टाकू नका. पण केस संपलेली असेल, निर्दोष सुटला असाल, तर कोर्टाच्या निकालाची सर्टिफाईड प्रत काढा आणि अर्ज करायच्या आधीच पोलीस स्टेशनला नेऊन द्या, कारण कोर्टात संपलेली केस पोलिसांच्या रजिस्टरमध्ये आपोआप संपत नाही, ती वर्षानुवर्षं प्रलंबित म्हणून दिसत राहू शकते. आणि अर्जात लपवू नका. लपवलेलं सापडलं की मूळ केसपेक्षा ते जास्त महागात पडतं.

पीसीसी हातात आला म्हणजे साखळीची पहिली कडी झाली. आता पुढे दोन रस्ते फुटतात आणि कुठला धरायचा हे तुमच्यावर नाही, तुम्ही कुठल्या देशात जाताय त्यावर आहे.

पहिला रस्ता अपोस्टिलचा. ५ ऑक्टोबर १९६१ ला नेदरलँड्समधल्या हेग शहरात एक करार झाला. त्याच्या आधी प्रत्येक कागद ज्या देशात जायचा त्या देशाच्या वकिलातीतून फिरवावा लागायचा. करार करणाऱ्या देशांनी ठरवलं की आपण एकमेकांचा एकच ठराविक शिक्का, म्हणजेच अपोस्टिल, मानायचा, पुढे वकिलातीत जायचं काम नाही. भारतात हा करार १४ जुलै २००५ पासून लागू झाला, आणि योगायोग असा की दक्षिण कोरियात बरोबर दोन वर्षांनी, १४ जुलै २००७ ला. आपल्याकडे अपोस्टिल देतं परराष्ट्र मंत्रालय. ते एक चौकोनी स्टिकर असतं, बहुतेक वेळा कागदाच्या पाठीमागे लावतात. त्यावर दहा क्रमांक असतात आणि ते जगभर सारखे आहेत: देश कुठला, सही कुणाची, कुठल्या पदाची, शिक्का कुठल्या कार्यालयाचा, मग ठिकाण, तारीख, कुणी दिलं, नंबर, शिक्का, सही. वर फ्रेंचमध्ये कराराचं नाव लिहिलेलं असतं, ते बघून घाबरू नका, ते तसंच असायला लागतं. एकदा ते दहा रकाने नीट वाचून बघा. त्यात तुमचं नाव कुठे विचारलेलंच नाही. दाखल्यावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव आहे. गुरुजींची खात्री, मुलाची नाही, ते हेच.

दुसरा रस्ता जे देश या करारात नाहीत त्यांचा. संयुक्त अरब अमिरात म्हणजे दुबई, अबू धाबी, शारजा यात येतं, कतार आणि कुवेतही. तिथे आधी परराष्ट्र मंत्रालयाचं साधं अटेस्टेशन, म्हणजे सही खरी असल्याचा शिक्का, मग त्या देशाच्या भारतातल्या वकिलातीचा शिक्का, आणि दुबईच्या बाबतीत शेवटी तिथे उतरल्यावर त्यांच्या परराष्ट्र खात्याचा शिक्का, ज्याला तिकडची आपली मंडळी मोफा म्हणतात. तीन कड्या. प्रत्येक जण आधीच्याची सही ओळखतो: वकिलात आपल्या मंत्रालयाला ओळखते, मोफा स्वतःच्या देशाच्या वकिलातीला ओळखतं. क्रम बदलता येत नाही, कारण वकिलात पासपोर्ट ऑफिसला ओळखत नाही, ती दिल्लीलाच ओळखते.

आखातातले सगळे देश एका माळेचे मणी समजू नका. ओमान २०१२ पासून करारात आहे, बहारीन त्यानंतर आलं, सौदी ७ डिसेंबर २०२२ पासून आहे. म्हणजे मस्कतला अपोस्टिल चालतं आणि विमानाने तासाभरावर असलेल्या दुबईला नाही. अजून एक खाच आहे जी एजंट लोकांनाही कधीकधी माहीत नसते. नवीन देश करारात आला की आधीचे देश हरकत घेऊ शकतात, आणि हरकत घेतली की त्या दोघांपुरता करार लागू होत नाही. भारत आला तेव्हा जर्मनीने हरकत घेतली, त्यामुळे दोघेही सभासद असून भारताचं अपोस्टिल जर्मनीत चालत नाही. चीन ७ नोव्हेंबर २०२३ पासून करारात आला तेव्हा भारताने हरकत घेतली, म्हणून चीनला शिकवायला जाणाऱ्या भारतीयाचा रस्ता तो जुनाच, वकिलातीचा. हा करार सांभाळणारी हेगची जी संस्था आहे, एचसीसीएच, तिच्या वेबसाईटवर सभासद देशांचा तक्ता आहे, त्यात हरकतीही नोंदवलेल्या असतात, नवीन देशही येत राहतात, तर कागद पाठवायच्या आठवड्यात तो तक्ता स्वतः उघडून बघा आणि शाळेलाही लेखी विचारा. कुणी सांगितलं म्हणून जाऊ नका, मी सांगितलं म्हणूनही नाही.

परराष्ट्र मंत्रालय २०१२ पासून कागद थेट आपल्या हातून घेत नाही, त्यांनी नेमलेल्या एजन्सीमार्फत द्यावे लागतात, त्यांची यादी मंत्रालयाच्या वेबसाईटवर आहे. मुंबईतही सोय आहे, दिल्लीलाच पाठवावं लागतं असं नाही. अपोस्टिलची सरकारी फी एका कागदाला पन्नास रुपये, वर एजन्सीचा थोडा सेवा आकार. पन्नास. हे मुद्दाम परत लिहितेय, कारण बहिणीला एका एजंटने याच कामाचे नऊ हजार सांगितले होते, आणि ते ऐकून ती हो म्हणणार होती. वकिलातीची फी मात्र वेगळी आणि चांगली जड असते, मोफाचे दीडशे दिरहम, त्यामुळे दुबईवाल्यांचा खर्च अपोस्टिलवाल्यांपेक्षा जास्त होणार हे धरून चाला. एजंट घेऊच नये असं मी म्हणत नाही, ज्याला नोकरी सोडून मुंबईला खेटे घालणं शक्य नाही त्याने जरूर घ्यावा, फक्त सरकारी फी किती आणि तुमची मेहनत किती हे कागदावर वेगवेगळं लिहून मागा. जो लिहून देत नाही त्याच्याकडे मूळ पासपोर्ट आणि मूळ डिग्री सोपवू नका.

लॅमिनेशन! आपल्याकडे डिग्री मिळाली की पहिलं काम लॅमिनेशन. ते केलेल्या कागदावर ना शिक्का बसतो ना स्टिकर. पीसीसी आला की तो प्लॅस्टिकच्या साध्या फोल्डरमध्ये ठेवा, बस.

आता भाचीची गोष्ट. तिने अमेरिकेतला एफबीआयचा कागद काढला होता, त्याला तिकडे आयडेंटिटी हिस्टरी समरी म्हणतात, बोटांचे ठसे देऊन अठरा डॉलरमध्ये मिळतो. इथपर्यंत बरोबर. मग कुणीतरी तिला सांगितलं की अपोस्टिल राज्य सरकार देतं, म्हणून तिने त्या कागदाची प्रत नोटरी करून घेतली आणि त्यावर न्यू जर्सी राज्याचं अपोस्टिल घेतलं. दिसायला एकदम झकास, सोनेरी शिक्का बिक्का. कोरियाने परत पाठवलं. का? ते दहा रकाने आठवा. त्या अपोस्टिलमध्ये सही कुणाची असं लिहिलं होतं, तर नोटरीची. म्हणजे न्यू जर्सी राज्याने एवढंच सांगितलं की हा नोटरी खरा आहे. एफबीआयच्या अधिकाऱ्याच्या सहीबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं, कारण राज्य सरकारला केंद्राच्या अधिकाऱ्याची सही ओळखायचा अधिकारच नाही. एफबीआय हे केंद्राचं खातं, त्याच्या कागदावर अपोस्टिल देणार ते वॉशिंग्टनचं परराष्ट्र खातं, दुसरं कुणी नाही. फी वीस डॉलर, पण पोस्टाने पाठवलं तर पाच आठवडे किंवा जास्तही लागतात, आणि कागद नोटरी न करता मूळ स्वरूपात पाठवायचा. मी तिला फोनवर हे रकान्यांचं समजावलं तेव्हा ती थोडा वेळ गप्प होती, मग म्हणाली, "मावशी, म्हणजे मी चुकीच्या माणसाची ओळख काढून नेली." अगदी तेच.

हे अमेरिकेचं इथे लिहायचं कारण, आपल्यापैकी कितीतरी जण चार-पाच वर्षं तिकडे राहून परत आलेत, नवऱ्याच्या प्रोजेक्टवर गेलेल्या बायका आहेत, शिकायला गेलेली मुलं आहेत. बऱ्याच परदेशी शाळा फक्त भारताचा पीसीसी मागत नाहीत, मागच्या काही वर्षांत जिथे जिथे राहिलात त्या प्रत्येक देशाचा मागतात. तर अमेरिकेचा एफबीआयचा, तो इथे बसून पण काढता येतो, ठशांचं कार्ड भरून पाठवायचं. ब्रिटनमध्ये राहिला असाल तर तिथे एक्रो नावाची पोलिसांची संस्था दाखला देते, आणि मुलांबरोबर काम करणाऱ्यांसाठी त्यांचा बालसुरक्षेचा एक वेगळा दाखला आहे, शाळा बऱ्याचदा तोच मागते. या प्रत्येक कागदाची साखळी त्या त्या देशात सुरू होते. अमेरिकेचा कागद भारताच्या मंत्रालयाकडे नेला तर ते हात लावणार नाहीत. उलट तुम्ही भारतीय आहात पण सध्या परदेशात राहताय, तर भारताचा पीसीसी तिथल्या भारतीय वकिलातीतून मागता येतो, त्यासाठी गावी यायची गरज नाही.

नावाचा प्रश्न मी शेवटी ठेवला कारण मराठी बायकांना सगळ्यात जास्त हाच छळतो. पीसीसी पासपोर्टवरच्या नावाने येतो. पासपोर्टवर लग्नानंतरचं नाव, मधे नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव. डिग्रीवर माहेरचं आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं, आणि हल्ली काही विद्यापीठांत शेवटी आईचं. आपल्याला त्यात काहीच वावगं दिसत नाही, आपण जन्मापासून असंच बघत आलोय. दुबईच्या शाळेतल्या एचआरवाल्या बाईंना मात्र त्या दोन वेगळ्या बायका दिसतात: एकीकडे डिग्री आहे, दुसरीकडे चांगल्या वागणुकीचा दाखला आहे. बहिणीने पीसीसी नीट केला तरी पुन्हा ती तिथेच अडली. त्यावर उपाय असा की दोन्ही नावं जोडणारा एक कागद त्याच साखळीतून फिरवायचा. लग्नाचा नोंदणी दाखला असेल तर तो, मंत्रालयातून राज्याचा शिक्का, मग परराष्ट्र, मग वकिलात. किंवा राजपत्रात नावबदल प्रसिद्ध केलेला असेल तर ते. नुसतं शंभरच्या स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र करून चालेल असं कुणी म्हटलं तर आधी शाळेला विचारा. आणि डिग्रीची साखळी तर वेगळीच, तिच्यावर आधी राज्याच्या शिक्षण विभागाचं अटेस्टेशन लागतं, ज्याला सगळे एचआरडी म्हणतात, आणि त्याला पीसीसीपेक्षा जास्त वेळ जाऊ शकतो.

म्हणून वेळेचं गणित मी असं मांडते. डिग्री आणि लग्नाचा दाखला जुने झाले म्हणून बाद होत नाहीत, त्यांचं काम ऑफर यायच्या आधीच सुरू करा, अगदी नुसता विचार चालू असेल तरी. पीसीसीचं उलटं आहे. त्यावर मुदत छापलेली नसते पण घेणारा देश ठरवतो की किती जुना चालेल, कुठे तीन महिने, कुठे सहा, कोरियाचं सहा महिन्यांचं. ही मुदत दाखला निघाल्या दिवसापासून मोजतात, शेवटचा शिक्का लागला त्या दिवसापासून नाही. फार आधी काढला तर शिक्के पूर्ण होईपर्यंत शिळा होतो, आणि उशिरा काढला तर शाळा सुरू होऊन जाते. तर डिग्रीवर शेवटचे शिक्के लागत आलेत आणि ऑफर लेटरवर सही झालीये, तेव्हा पीसीसीला हात घालायचा. स्पेनसारख्या देशात भाषांतरही लागतं, ते अपोस्टिल लागल्यावर करा, कारण त्यांना अपोस्टिलचंही भाषांतर पाहिजे असतं, आधी केलं तर दोनदा पैसे जातात. आणि कागदाला काही जोडून पिन मारून दिलं असेल तर स्कॅन करताना ती पिन उचकटू नका, जोडलेलं सुटलं की तो शिक्का संशयात येतो. स्कॅन दोन्ही बाजूंचा काढा, शिक्के मागे असतात आणि लोक फक्त पुढची बाजू ईमेल करतात.

बहीण शेवटी सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात हजर झाली, शाळेने थांबवून ठेवलं हे तिचं नशीब. भाचीची एक सेमिस्टर गेली, ती पुढच्या बॅचला गेली. परवा बहिणीचा परत फोन आला, दोन वर्षांचा करार आहे, पुढे बहुतेक सिंगापूर बघतेय. मी तिला म्हटलं, दुबई सोडायच्या आधी, तिकडचं ओळखपत्र हातात आहे तोवर, तिथल्या पोलिसांचा दाखला काढून त्यावर तिथलेच शिक्के मारून घे, कारण एकदा देश सोडला की तोच कागद ठसे पाठवून, वकिलातीच्या मागे लागून काढावा लागतो. ती म्हणाली, "ताई, सिंगापूर करारात आहे पण दुबई नाही, मग दुबईच्या दाखल्यावर अपोस्टिल मिळणारच नाही ना? म्हणजे मोफा करून मग तिथल्या सिंगापूरच्या वकिलातीला विचारायचं का?"

बरोबर तिथेच विचारायचं.